पंधरा नंबरचा पाय

"हे काय, इन्व्हर्टर आणलास का?"

परळीच्या घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या अण्णांचा पहिला प्रश्न. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मी ती पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या काकांनाही बहुतेक तोच संशय होता, फक्त त्यांनी विचारलं नाही. थर्मलच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे माझ्या पायातल्या मुंग्या गेल्या.

तर मंडळी, ती पेटी म्हणजे माझा मॉड्युलर सिंथेसायझर. पुण्यात आठवडाभर इमाने इतबारे कोड लिहायचा आणि शनिवार-रविवार ह्या पेटीपुढे बसून तारा खुपसायच्या, हा माझा गेल्या चार वर्षांचा छंद. (बायको त्याला वेगळा शब्द वापरते.) ह्या वेळी ती परळीला नेली, कारण तिच्यातला सिक्वेन्सर दीड महिना रुसलेला होता. मे महिन्यात आठ दिवस सुट्टी होती आणि म्हटलं, आता ह्याचा सोक्षमोक्ष लावूनच परत यायचं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बाजारात मिळणाऱ्या कीबोर्डमध्ये सगळं आतल्या आत जोडलेलं असतं. मॉड्युलरमध्ये प्रत्येक काम वेगळ्या पट्टीवर. एक आवाज तयार करतो तो ऑसिलेटर, एक तो गाळतो तो फिल्टर, एक कमी-जास्त करतो. कुठली तार कुठे लावायची ते तुम्ही ठरवायचं. त्यातला सिक्वेन्सर स्वतः आवाज काढतच नाही. तो फक्त व्होल्टेज देतो. माझ्याकडच्याला आठ नॉब आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर एक लाल एलईडी. घड्याळाचा ठोका पडला की दिवा एक घर पुढे सरकतो आणि त्या घराच्या नॉबवर जेवढं व्होल्टेज ठेवलंय तेवढं ऑसिलेटरला जातं. एक व्होल्ट वाढला की आवाज बरोबर एक सप्तक वर. म्हणजे बारा स्वरांतला एक स्वर वर जायला साधारण ८३ मिलिव्होल्ट. आठवं घर झालं की परत पहिलं. झाला तुमचा ॲनलॉग स्टेप सिक्वेन्सर. स्टेप म्हणजे पायरी.

हे काही नवं खूळ नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत बुक्ला आणि मूग ह्या दोघांनी असली यंत्रं बनवली. मूगच्या ९६० नंबरच्या सिक्वेन्सरला आठ नॉबच्या तीन रांगा होत्या. १९७४ साली टँजेरिन ड्रीम ह्या जर्मन बँडने 'फेड्रा' केला, त्यातली ती घुमत राहणारी खर्जातली ओळ असल्याच सिक्वेन्सरवर वाजते. मूगचा मॉड्युलर आपल्या देशातही बराच लवकर आला होता. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकन संगीतकाराने तो बसवून दिला. तिथे गीता साराभाई वगैरे मंडळींनी केलेल्या टेपा कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. त्या २०२३ मध्ये रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या. आणि मुंबईत चरणजित सिंग ह्यांनी १९८२ मध्ये रोलँडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन दहा रागांची डिस्को रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कोणी फारशी ऐकली नाही. २०१० मध्ये परत निघाली आणि जगभर लोकांनी तोंडात बोटं घातली. त्या दोन्ही यंत्रांच्या पोटात स्टेप सिक्वेन्सरच आहे, डिजिटल जातीचा.

असो. मी सांगत होतो माझ्या रुसलेल्या सिक्वेन्सरचं.

त्याच्या आतला मुख्य कलाकार ४०१७ नावाची आयसी. चहाच्या किमतीत मिळते. परळीतल्या आमच्या गल्लीत वाढलेल्या कुठल्याही पोराला ती माहीत असायची, कारण गणपतीच्या डेकोरेशनमध्ये मूर्तीच्या मागे जे चक्र फिरायचं ना, एक दिवा विझतो आणि पुढचा लागतो ते, ते ४०१७ वर चालायचं. अण्णांचं बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गणपतीच्या आधी महिनाभर टीव्ही बाजूला पडायचे आणि दुकानात नुसत्या रनिंग लाइटी. मी आठवीत असताना ती आयसी लावायला शिकलो. तिच्या दहा आउटपुटच्या पिना क्रमाने नाहीत. ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. मला अजून बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही, पण हे आहे. :-)

अण्णा तेव्हा एक वाक्य कायम म्हणायचे. "आयसीचा कुठलाच पाय हवेत सोडायचा नाही." मला ते तेव्हा शिस्तीचं वाक्य वाटायचं, शर्टाचं वरचं बटण लावण्यासारखं.

बिघाड असा होता. आठ पायऱ्या छान चालायच्या. मग मध्येच पाचव्यावरून दिवा पुन्हा पहिल्यावर यायचा. कधी पहिल्यावरच अडकून बसायचा, ठोके पडतायत आणि हा ढिम्म. दहा मिनिटांनी आपोआप सुरळीत. म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट बग, जो बोलावला की येत नाही.

मी काय काय केलं ते वाचून कुणीही म्हणेल की माणूस पद्धतशीर आहे. आयसी बदलली. पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा बदलली. (आयसी बेसवर आहे, म्हणून बदलणं सोपं. सोपं आहे म्हणूनच तीन वेळा बदलली, हे नंतर कळलं.) घड्याळाची तार बदलली, पॉवर सप्लाय बदलला. एक्सेलमध्ये तक्ता केला. एकेका पिनला मीटर लावून व्होल्टेज लिहिलं. १५ नंबर म्हणजे रीसेट, ती वर गेली की मोजणी पहिल्या घरावर येते. तिच्यावर अर्थातच सगळ्यात जास्त संशय. पण तिला मीटर लावला की शून्य व्होल्ट, आणि सिक्वेन्सर एकदम शहाण्यासारखा चालायचा. म्हणून तिच्यापुढे 'ठीक' लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत टेबलावर पसारा मांडला. बाहेर उन्हाचा नुसता जाळ. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. दुकान २०१४ मध्ये बंद झालं. फ्लॅट टीव्ही आले आणि दुरुस्ती म्हणजे आख्खं कार्ड बदलणं झालं. तेव्हापासून ते घरीच. आणि गेली दोन वर्षं तर फारच घरी. आधी दर सोमवारी वैजनाथाला जायचे, संध्याकाळी भजनी मंडळात टाळ घेऊन बसायचे. ते बंद झालं. गुडघे. देवळाच्या त्या रुंद दगडी पायऱ्या चढवत नाहीत म्हणाले. आम्ही गुडघ्याचा पट्टा आणला, तेल आणलं, लातूरला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. फोटो काढला, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने उत्तम आहेत. तरी अण्णा जाईनात. कमी बोलायला लागले. आई म्हणायची, दुकान गेलं त्याचं मनाला लागलंय.

"काय करायलंय हे?" अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी तक्ता हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरला. एवढ्यात दिवा पाचव्यावरून पहिल्यावर आला.

"हां!" अण्णा म्हणाले. दहा वर्षांनी मी तो 'हां' ऐकला.

मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. नुसते दिव्यांकडे बघत बसले. मी दोन वेळा काहीतरी करायला हात घातला तर हात बाजूला केला. तीन वेळा दिवा घसरला, एकदा पहिल्यावर अडकला. मग म्हणाले, "पंधराला मीटर लाव."

लावला. सिक्वेन्सर शहाणा झाला.

"काढ."

काढला. थोड्या वेळाने पुन्हा घसरला.

"लाव." पुन्हा शहाणा.

"अरे, मग ठीक कसं लिहिलंस? मीटर लावल्यावर चालायलंय म्हणजे मीटरनंच चालायलंय ना. त्याला ग्राउंड मिळंना. तुझा मीटर देतोय त्याला ग्राउंड."

मंडळी, मी बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कागदावरची एक ओळ एवढी थेट कानाखाली बसल्याचा अनुभव मला ह्याआधी नव्हता.

कारण सांगतो, ते साधं आहे. १५ नंबरला दोन ठिकाणांहून रीसेट येऊ शकतो. नववं घर लागायच्या क्षणी ९ नंबरच्या पिनेवरून, म्हणून तर आठच पायऱ्या होतात, आणि बाहेरच्या जॅकमधून. दोन्ही डायोडमधून येतात आणि डायोड एकाच बाजूने वाट देतो. म्हणजे ते पिनेला वर ढकलू शकतात, खाली आणू शकत नाहीत. खाली आणायचं काम एका १०० किलोओहमच्या रेझिस्टरचं, पिनेपासून ग्राउंडपर्यंत. तो तुटला तर वर गेलेली पिन तशीच वर राहते आणि मोजणी पहिल्या घरावर अडकते. किंवा ती हवेत तरंगते आणि घरातल्या वायरिंगची गुणगुण, पंख्याचं रेग्युलेटर, काहीही पकडून मध्येच रीसेट होते. आणि मीटर? त्याच्या पोटात साधारण १० मेगाओहमचा रेझिस्टर असतोच. खूप मोठा, पण एवढ्याशा पिनेला खाली आणायला पुरेसा. मी बिघाड मोजायला गेलो की मोजण्यानेच तो दुरुस्त होत होता.

अण्णांनी बोर्ड उलटा करायला लावला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका जोडावर टकटक केली. त्या रेझिस्टरच्या जोडावर टकटक झाली आणि दिवा घसरला. भिंगातून बघितलं तर रेझिस्टरच्या पायाभोवती केसाएवढी गोल फट. ड्राय सोल्डर. पुण्यात एका रविवारी रात्री साडेबाराला, झोपेत डाग दिला होता मी. उन्हाने बोर्ड तापला की फट उघडायची, गार झाला की मिटायची. अण्णांनी सोल्डरिंग आयर्न मागितलं. हात थोडा थरथरत होता, टेकवताना अजिबात नाही.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. आठच्या आठ पायऱ्या, एकही चूक नाही.

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मी खुशीत येऊन स्पीकर लावला. म्हटलं अण्णांना ऐकवू तरी त्यांनी काय दुरुस्त केलंय ते. खर्जातली एक ओळ लावली आणि फिल्टर हळूहळू उघडत गेलो. आधी कांबळ्यातून आल्यासारखा घुमा आवाज, मग धारदार, मग पितळी टाळासारखा झणझणीत.

"कसा उघडला बघा आवाज!"

"कुठं?" अण्णा म्हणाले. "तसाच तर आहे."

मला वाटलं गंमत करतायत. पुन्हा केलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, कान फुटतील!" अण्णा आठव्या दिव्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही.

मग मी ऑसिलेटर साध्या साइन वेव्हवर ठेवला आणि नॉब फिरवत वर गेलो. म्हटलं, ऐकू येतंय तोवर बोट वर ठेवा. खाली सगळं ठीक. साधारण ३००० हर्ट्झच्या पुढे गेलो आणि बोट खाली आलं. मी आवाज वाढवला. बोट खालीच. (ही काही खरी तपासणी नव्हे बरं का. खरी तपासणी ऑडिओलॉजिस्ट करतात, बंद खोलीत, मोजून मापून. घरच्या स्पीकरवर निष्कर्ष काढू नका.)

मी मशीन बंद केलं. थोड्या वेळाने अण्णाच बोलले, टेबलाकडे बघत.

"टाळ ऐकू येत नव्हते रे. पखवाजाची डावी बाजू तेवढी यायची, धुम धुम. समेवर चुकलो दोनदा. तिसऱ्यांदा शेजारच्यानं हात धरला माझा." मग थांबून म्हणाले, "चांगले लोक आहेत, कोणी काही म्हणालं नाही. पण मग आपणच कशाला जायचं."

म्हणजे गुडघे नव्हतेच. दोन वर्षं आम्ही आयसी बदलत होतो.

वय झालं की ऐकण्यातला बहुतेक वेळा वरचा भाग आधी जातो. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही, कारण स, त, फ असली व्यंजनं त्या वरच्या भागात असतात. माणूस 'हो हो' म्हणत राहतो आणि हळूहळू बोलणंच कमी करतो. हे सगळं मला वाचून माहीत होतं. आवाजाचा छंद आहे म्हणे माझा! मग लक्षात कसं आलं नाही? तर मी दिवाळीला येतो, समोर बसतो, तोंडाकडे बघून मोठ्याने बोलतो. अण्णांना माझं सगळं कळतं. मी आलो की बिघाड गायब. आणि मी मनातल्या तक्त्यात 'ठीक' लिहून पुण्याला परत.

सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही दोघं त्या पेटीपुढेच होतो. अण्णांनी विचारलं, हे आठच का? म्हटलं आठ म्हणजे भजनी ठेका, घ्या की. मग त्यांनी ९ नंबरची तार काढून ६ ला लावली आणि सात पायऱ्या केल्या, रूपक. ५ ला लावली, दादरा. शेवटी रीसेटची तारच काढली आणि १५ नंबर सरळ ग्राउंडला दिला. दहा पायऱ्या, झपताल. "ह्याचा स्वभावच झपतालाचा आहे," म्हणाले. इतकी वर्षं मी ही आयसी वापरतोय, माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. दिव्याकडे बघत ते मांडीवर मात्रा मोजत होते आणि समेला एकदाही चुकले नाहीत.

जायच्या आधी कानाची तपासणी करून घेतली. कागदावरचा आलेख डावीकडे वर आणि उजवीकडे पायरी पायरीने खाली उतरलेला. यंत्र घेतलं. लगेच सगळं छान झालं असं नाही. पहिला आठवडा अण्णांनी ते डब्यातच ठेवलं, कारण पंख्याचा आवाज विमानासारखा येतो आणि आई भांडी मुद्दाम आपटते असा त्यांना संशय. दोनदा जाऊन सेटिंग बदलून आणलं. फोनवर अजून अर्ध्या गोष्टी आईच सांगते.

गेल्या सोमवारी रात्री आईचा फोन आला. म्हणाली, पायऱ्या चढून गेले होते. टाळ नाही घेतले हातात, नुसते पखवाजवाल्याच्या शेजारी बसून आले. साडेनऊला घरी.

मी म्हटलं, दे त्यांना. फोन हातात घेऊन अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "पेटी चालायली का नीट?"

"चालतेय."

"काय?"

"चालतेय, अण्णा!"

"मीटर न लावता बघितलंस ना?"